हार-तुरे खूप झाले, आता शाळेला माणूस द्या

पोस्ट मोठी आहे. पण ज्यांची मुलं, भाचरं, पुतणे झेडपीच्या शाळेत आहेत त्यांनी शेवटपर्यंत वाचा. ज्यांची नाहीत त्यांनी तर जरूर वाचा, कारण या शाळा तुमच्याही करातून चालतात.

३ डिसेंबर २०२० या तारखेला माढा तालुक्यातल्या परितेवाडीचं नाव जगभर गेलं. तिथल्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालं. १० लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने ७ कोटींच्या घरात. गड्याने त्यातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या ९ शिक्षकांना वाटून टाकली. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड टाकायची त्यांची कल्पना आधी एका वाडीच्या शाळेत चालली, मग राज्याने उचलली, मग देशात गेली. अख्ख्या सोलापूरची छाती फुगली. मुख्यमंत्र्यांनी सत्कार केला, राज्यपालांनी केला, आमदार-खासदारांनी केला. त्यांचे फोटो नसलेला फ्लेक्स त्या महिन्यात जिल्ह्यात शोधून सापडला नसता.

त्यानंतर १३ महिन्यांनी, जानेवारी २०२२ मध्ये, त्याच माणसाचं नाव पुन्हा बातमीत आलं. कशासाठी? तर रजेसाठी. अमेरिकेची फुलब्राइट शिष्यवृत्ती मिळाली होती, सहा महिने जायचं होतं, आणि रजेचा अर्ज अडला होता. शेवटी शिक्षणमंत्र्यांना मध्ये पडावं लागलं तेव्हा तो सुटला. पुढे प्रतिनियुक्तीच्या काळात ते नेमलेल्या ठिकाणी हजर होते की नाही यावरून चौकशी झाली, आणि जुलै २०२२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

आता इथे दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, हिऱ्याची किंमत नाही. दुसरी म्हणते, पुरस्कार मिळाला म्हणून नियम मोडायची सूट मिळते काय? मला या भांडणात पडायचं नाही. मला त्या वेळी विचारल्या गेलेल्या एका प्रश्नात रस आहे: तुम्ही सहा महिने गेल्यावर शाळेतल्या मुलांचं काय?

प्रश्न एकदम बरोबर आहे. फक्त तो चुकीच्या माणसाला विचारला गेला. शिक्षक रजेवर गेला तर मुलांचं काय, याचं उत्तर शिक्षकाने द्यायचं नसतं, शासनाने द्यायचं असतं. आणि शासनाकडे ते उत्तर नाही. तेव्हाही नव्हतं, आजही नाही.

आधीच सांगून टाकतो, माझी बायको झेडपीची प्राथमिक शिक्षिका आहे. त्यामुळे ‘घरचीच बाजू घेतोय’ असं म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. पण घरात रोज संध्याकाळी जे बघतो तेच लिहितोय.

दोन शिक्षकी शाळा म्हणजे काय, हे समजून घ्या

आपल्या जिल्ह्यात झेडपीच्या अडीच हजारांहून जास्त प्राथमिक शाळा आहेत. त्यातल्या वाड्या-वस्त्यांवरच्या कितीतरी शाळा दोन शिक्षकी आहेत. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला ६० पटापर्यंत दोन शिक्षक. पहिली ते चौथी चार वर्ग, शिक्षक दोन. म्हणजे एक शिक्षक एका वेळी दोन वर्ग सांभाळतो, हे गृहीतच धरलेलं आहे. इथपर्यंत ठीक आहे, बहुवर्ग अध्यापन करता येतं, आपले गुरुजी-बाई ते वर्षानुवर्षे करत आलेत.

आता त्यातल्या एक बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. १८० दिवस. हक्काची रजा आहे, कोणी उपकार करत नाही. पण त्या १८० दिवसांसाठी बदली शिक्षक येत नाही. उरलेल्या एकट्या शिक्षकाकडे चारही वर्ग, पोषण आहार, ऑनलाइन माहिती आणि केंद्रावरच्या मीटिंगा. ज्या दिवशी तो मीटिंगला जातो त्या दिवशी शेजारच्या शाळेतला शिक्षक ‘ॲडजस्टमेंट’ला येतो, म्हणजे त्याची शाळा तेवढी उघडी पडते. बायको बाळंतपणाला घरी होती तेव्हा तिच्या शाळेत हेच झालं. त्या गुरुजींचा रोज फोन यायचा. तक्रार म्हणून नाही. दुसरीच्या मुलांची वजाबाकी कुठपर्यंत झाली होती, एवढंच विचारायला. बाळाला मांडीवर घेऊन ती सांगत बसायची.

सहा महिने म्हणजे दुसरीतल्या पोराचं अर्धं वर्ष. ते परत येत नाही. मग चौथीत त्या पोराला हातच्याची वजाबाकी येत नाही म्हणून सर्वेक्षणात आकडा छापून येतो आणि आपण म्हणतो, झेडपीचे मास्तर शिकवत नाहीत.

बँकेत कॅशियर रजेवर गेला तर दुसरा माणूस काउंटरला बसतो. एसटीचा ड्रायव्हर आजारी पडला तर गाडी दुसरा नेतो. शाळेत मात्र माणूस गेला की वर्ग मोकळा. प्रत्येक केंद्रात दोन-तीन राखीव शिक्षक कायम ठेवले, तर बाळंतपण, आजारपण, प्रशिक्षण, परदेशातली शिष्यवृत्ती सगळ्याचं उत्तर मिळतं. जगातला सर्वोत्तम शिक्षक म्हणून गौरवलेल्या माणसाची रजा अडण्यामागे व्यक्तींचे हेवेदावे असतील-नसतील, पण हे भगदाड नक्की होतं.

पुण्यातही हेच झालं

सोलापूरचीच गोष्ट आहे असं समजू नका. शिरूर तालुक्यातली वाबळेवाडीची शाळा आठवते? झेडपीची शाळा, प्रवेशासाठी रांगा. ती उभी करण्यात पुढे असलेले दत्तात्रय वारे गुरुजी २०२१ मध्ये निलंबित झाले. पुढे चौकशीत आरोप टिकले नाहीत. मग त्यांची नेमणूक खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरला झाली. पट हाताच्या बोटांवर मोजण्याइतका. त्यांनी गावाला हाताशी धरून तीही शाळा उभी केली आणि २०२५ मध्ये ‘वर्ल्ड्स बेस्ट स्कूल’ पुरस्कारांमध्ये लोकांच्या पसंतीचा पुरस्कार त्या शाळेला मिळाला. झालं, पुन्हा सत्कार सुरू.

दोन जिल्हे, दोन माणसं, पण क्रम बघा. आधी शिक्षक स्वतःच्या जिवावर काहीतरी उभं करतो. मग बाहेरचं कोणीतरी पुरस्कार देतं. मग शासन हार घालतं. मधल्या काळात यंत्रणा त्याच्याबरोबर कुठे होती, हे विचारायचं नाही.

लोकवर्गणीचंही असंच. आपल्या जिल्हा परिषदेने ‘स्वच्छ शाळा, सुंदर शाळा’ अभियान राबवलं, गावोगावी लोकांनी पैसे दिले, शाळा रंगल्या, भिंती बोलक्या झाल्या. पुढे राज्यानेही ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ स्पर्धा आणली. चांगलं झालं, मी स्वतः वर्गणी दिलीय. पण ज्या गावात कारखाना आहे, द्राक्षबागा आहेत, तिथे वर्गणी जमते. मंगळवेढ्याच्या किंवा सांगोल्याच्या कोरड्या भागातल्या वस्तीवर, जिथली अर्धी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, तिथे कोण देणार वर्गणी? ज्या शाळेला जास्त गरज आहे तिलाच सगळ्यात कमी मिळतं. सरकारी शाळेचा रंग गावाच्या ऐपतीवर ठरणार असेल तर ती सरकारी कसली?

मुलांना काय मिळतं? हिशोब मांडू

पहिली गोष्ट गणवेश. सोलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. आपलं शहर गणवेशाचं शहर आहे. देशभरातल्या, परदेशातल्याही शाळांचे युनिफॉर्म आपल्याकडे शिवले जातात, २०१७ पासून इथले गारमेंटवाले गणवेशाची प्रदर्शनं भरवतात. आणि याच जिल्ह्यातली झेडपीची पोरं २०२४-२५ साली जुन्या गणवेशात, रंगीत कपड्यांत शाळेला गेली. का? कारण राज्याने ‘एक राज्य, एक गणवेश’ काढलं. कापड एका ठिकाणाहून खरेदी, शिलाई बचत गटांकडे, आणि शिलाईचा दर नगाला शंभर-एकशेदहा रुपये. राज्यात अनेक शाळांत १५ ऑगस्ट उलटला तरी गणवेश आला नाही. जिथे आला तिथे मापं जुळेनात. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये निर्णय फिरवला आणि खरेदी पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे दिली. म्हणजे आधी जे चाललं होतं तेच. मधलं एक वर्ष मुलांचं गेलं, त्याची जबाबदारी कोणावर? कोणावरच नाही. गटशिक्षणाधिकाऱ्यांपासून मंत्रालयापर्यंत कोणाला नोटीस गेल्याचं मी तरी ऐकलं नाही. शिक्षकाने मात्र माहिती एक दिवस उशिरा भरली की नोटीस.

दुसरी गोष्ट उपस्थिती भत्ता. अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरातल्या पहिली ते चौथीच्या मुलींना शाळेत यावं म्हणून १९९२ साली ही योजना आली. दिवसाला १ रुपया. तेव्हा रुपयाला किंमत होती, त्या रुपयात पोरीला वही-पेन्सिल घेता येत होती. तीस वर्षं उलटली तरी दर रुपयाच राहिला. वर्षभर रोज शाळेत आली तरी जास्तीत जास्त २२० रुपये. याच तीस वर्षांत आमदारांचे पगार, भत्ते, पेन्शन किती वेळा वाढलं, ते तुम्हीच आठवा.

तिसरी गोष्ट अंडं. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू केलं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचे पैसे बंद केले आणि सांगितलं, द्यायचं असेल तर लोकसहभागातून द्या. आता अक्कलकोट तालुक्याच्या टोकाला जा. सीमेच्या अलीकडे आपली शाळा, पलीकडे कर्नाटकची. पलीकडच्या पोराला २०१३ पासून दूध मिळतंय आणि आता आठवड्याचे सहा दिवस अंडं किंवा केळं मिळतं. दोघांच्या घरी कन्नडच बोलतात, दोघांची शेतं बांधाला बांध लागून. पाटी एका राज्याची की दुसऱ्या, एवढ्यावर ताटात अंडं आहे की नाही ते ठरतं. सीमाप्रश्नावर भाषण ठोकणाऱ्या आपल्या पुढाऱ्यांना हा सीमाप्रश्न दिसत नाही.

चौथी गोष्ट शिष्यवृत्ती परीक्षा. चौथी आणि सातवीची स्कॉलरशिप हा झेडपी शाळांचा जीव की प्राण होता. गुरुजी सकाळी सातला जादा तास घ्यायचे, सुट्टीतही घ्यायचे. २०१६-१७ पासून ती पाचवी आणि आठवीला नेली. ऐकायला किरकोळ वाटतं. पण आपल्या बहुतेक वाडी-वस्तीच्या शाळा चौथीपर्यंतच आहेत. परीक्षेचा वर्गच शाळेतून निघून गेला, तयारी करून घ्यायचं कारण गेलं, पालकांच्या तोंडी ‘आमच्या शाळेची इतकी पोरं मेरिटमध्ये’ ही बढाई असायची तीही गेली. ज्या पालकाने मनाची तयारी केली होती की चौथीपर्यंत इथेच राहू दे, त्याने पोरगं पिवळ्या बसमध्ये बसवलं. आता परीक्षा पुन्हा चौथी-सातवीवर आणायचा निर्णय झालाय. स्वागत आहे. पण मधल्या वर्षांत जो पट गेला तो कसा परत आणणार?

पाचवी गोष्ट आठवीतली एनएमएमएस परीक्षा. पास होऊन यादीत आलेल्या गरीब मुलाला नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये, चार वर्षांत ४८ हजार. महाराष्ट्राचा कोटा ११,६८२ मुलांचा. आणि पाचवीतून नवोदयची परीक्षा. आपल्या जिल्ह्याचं नवोदय मोहोळ तालुक्यात पोखरापूरला आहे, वर्षाला ८० जागा, सहावी ते बारावी राहणं-खाणं-शिकणं सगळं मोफत. बिडी कामगाराच्या, सालगड्याच्या घरात या दोन परीक्षांनी पिढी बदलते. पण याची तयारी शाळेत होते की नाही हे निव्वळ त्या शाळेला कोणते गुरुजी मिळाले यावर अवलंबून आहे. शासनाचं काही पुस्तक नाही, सराव वर्गाला निधी नाही. खासगी क्लासवाल्यांची मात्र ‘नवोदय स्पेशल बॅच’ची पाटी चौकाचौकात आहे. म्हणजे गरीब मुलासाठी काढलेल्या परीक्षेची तयारी पैसेवाल्याच्या क्लासात.

आणि शिक्षकांना काय मिळतं?

‘पन्नास-साठ-सत्तर हजार पगार मिळतो, अजून काय पाहिजे?’ ही कमेंट येणारच, म्हणून आधीच बोलतो.

पगार मिळतो, खरं आहे. पण तिथपर्यंत कसा पोचतो तेही बघा. राज्याने २००० साली शिक्षण सेवक योजना आणली. पहिली तीन वर्षं मानधनावर. बायको २०१० च्या सीईटीतून लागली तेव्हा हे मानधन महिना ३ हजार होतं. पुढे ते ६ हजार झालं आणि वर्षानुवर्षे तिथेच थांबलं. उच्च न्यायालयाने कान टोचले तेव्हा २०२३ मध्ये १६ हजार झालं. तीन हजारांत दुसऱ्या तालुक्यात खोली भाडं, डबा आणि एसटीचा पास. आमच्या सासऱ्यांनी नोकरी लागलेल्या लेकीला तीन वर्षं घरून पैसे पाठवले.

महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिलं त्यात प्राथमिक शिक्षकाच्या पगाराचा मुद्दा होता. शिकवण्याचं प्रशिक्षण घेतलेल्या मास्तराला १२ रुपयांपेक्षा कमी देऊ नका, मोठ्या गावात जास्त द्या, असं त्यांनी मागितलं होतं. खेड्यात चांगला शिक्षक यावा, टिकावा, त्याला मान असावा, हा विचार त्यामागे होता. जोतिबांच्या फोटोला हार घालणाऱ्या राज्यात नव्या शिक्षकाच्या पोटाचा प्रश्न सुटायला न्यायालय लागलं.

शिकवण्याच्या वेळेचं सांगतो. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नका. प्रत्यक्षात? सकाळी दहाला ग्रुपवर लिंक येते, खाली लिहिलेलं असतं ‘अतितातडीचे, आजच १२ वाजेपर्यंत’. किती झाडं लावली त्याचा फोटो, जेवणाऱ्यांची संख्या ॲपवर, यू-डायसची दुरुस्ती, मुलांचं आधार जुळत नाही ते जुळवा. हे शेवटचं तर गंमतीशीर आहे. संच मान्यतेला आधार जुळलेली मुलंच पटात धरतात. म्हणजे पोरगं वर्गात बसलेलं दिसतंय, पाढे म्हणतंय, पण आधारवर नावाची वेलांटी चुकली तर ते पटावर नाही. आणि पटावर नाही म्हणजे उद्या शिक्षकाचं पदही नाही. ऊसतोडीवरून फेब्रुवारी-मार्चमध्ये परतणाऱ्या घरातली कागदपत्रं कशी असतात ते तुम्हाला माहीत आहे.

कलम २७ मधल्या तीन कामांवरही माझा आक्षेप नाही. जनगणना करावीच लागते, मतदान घ्यावंच लागतं. पण त्या दिवसांत वर्गावर कोण, हा प्रश्न पुन्हा तिथेच येऊन थांबतो.

मग प्रशिक्षण. आपल्या जिल्ह्याची शिक्षण व प्रशिक्षण संस्था वेळापूरला आहे, माळशिरस तालुक्यात. अक्कलकोटहून वेळापूर म्हणजे सव्वाशे किलोमीटरच्या वर. बरं, जाऊन जे मिळतं ते पीपीटी आणि सही. आपल्या जिल्ह्यात शिक्षकापुढे खरी अडचण काय असते? सोलापूर शहरात पूर्व भागातल्या मुलाच्या घरी तेलुगू बोलतात, अक्कलकोट-दक्षिण सोलापुरात कन्नड, तांड्यावर बंजारा, पारधी वस्तीवर आणखी वेगळी बोली. पहिलीतल्या मुलाला बाईंचं मराठीच कळत नाही तर ते वाचणार काय? घरची भाषा धरून मराठीकडे कसं न्यायचं, याचं प्रशिक्षण सोलापूरला सगळ्यात जास्त पाहिजे. आमच्या घरात पंधरा वर्षांत त्याचं एकही पत्र आलं नाही. दिल्लीत २०१६ मध्ये सरकारी शाळांतल्याच २०० शिक्षकांना ‘मेंटर टीचर’ नेमून बाकीच्या शिक्षकांच्या मदतीला पाठवलं होतं. त्यांच्या वर्गात बसायचं, शिकवणं बघायचं, सुचवायचं. राजकारण बाजूला ठेवा, कल्पना बघा. परितेवाडीच्या गुरुजींना किंवा त्यांच्यासारख्या, कुठलाच पुरस्कार न मिळालेल्या शंभर जणांना आपल्या जिल्ह्यात असं काम दिलं असतं, रीतसर आदेशाने, जागेवर दुसरा शिक्षक देऊन, तर हजेरीचा वाद निघायचं कारणच उरलं नसतं.

आणि आता टीईटी. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ बाकी असलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं, नाहीतर नोकरी सोडायची. माझ्या घरात रात्री भांडी आवरल्यावर पुस्तकं उघडतात. १५ वर्षं शिकवून झाल्यावर परीक्षा का, असं बरेच जण म्हणतात. माझं मत थोडं वेगळं आहे. शिक्षकाला विषय आला पाहिजे, तो तपासलाही पाहिजे. पण तपासणाऱ्याचे हात स्वच्छ हवेत. याच राज्यात टीईटीच्या घोटाळ्यात ७,८८० उमेदवारांवर कारवाई झाली आणि परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेतले वरिष्ठच अटक झाले, हे लोक विसरलेले नाहीत. आणि परीक्षा घ्यायचीच तर शासनाने अभ्यासाला काय दिलं? केंद्रावर एखादा वर्ग? पंधरा दिवसांची अभ्यास रजा? काही नाही. अकरा ते पाच शाळा, त्यानंतर लिंका, त्यानंतर टीईटी.

शिक्षकांनाही दोन शब्द

एकतर्फी लिहायचं नाही म्हणून हेही लिहितो. स्वतःची मुलं इंग्रजी शाळेत घालून गावात पट वाढवा म्हणून फिरणारे गुरुजी लोकांना दिसतात. बदलीसाठी नको ते दाखले काढणारे आहेत. शाळेपेक्षा पतसंस्थेच्या निवडणुकीत रमणारे आहेत. संघटना पेन्शनसाठी, बदल्यांसाठी रस्त्यावर उतरतात, त्यांचा हक्क आहे. २०२३ च्या मार्चमध्ये जुन्या पेन्शनसाठी सात दिवस संप झाला. पण पोरींच्या त्या एका रुपयासाठी, बंद झालेल्या अंड्यासाठी किती मोर्चे निघाले? तुम्ही मुलांसाठी रस्त्यावर आलात तर पालक तुमच्यासाठी येतील. आज ते येत नाहीत, याचा विचार तुम्हीच करा.

धोका नेमका कुठे आहे

हे सगळं आत्ताच का लिहितोय? कारण १५ मार्च २०२४ च्या संच मान्यतेच्या शासन निर्णयाने सहावी ते आठवीच्या वर्गांत पट वीसच्या खाली असेल तर तिथलं मंजूर पद शून्यावर आणलं. त्याआधी २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ काढायचे प्रस्ताव मागवले होते. तेव्हा राज्यात अशा शाळा १५ हजारांच्या आसपास होत्या.

हिशोबाच्या वहीत हे बरोबर दिसतं. अठरा मुलांना शिक्षक कशाला? पण त्या अठरात सात-आठ मुली असतात. सातवीतल्या मुलीला तीन-चार किलोमीटर लांब जायला सांगितलं, गावात एसटी नाही, रस्त्यात ओढा, ऊस उभा. पहिल्या महिन्यात तिचा बाप सोडायला जातो. दुसऱ्या महिन्यात ती ‘घरी मदतीला’ राहते. मग दोन-तीन वर्षांत काय होतं ते सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला सांगायची गरज नाही.

आणि पट आपोआप कमी झाला नाही. शिक्षक वेळेवर दिला नाही, परीक्षा काढून घेतली, गणवेश उशिरा दिला, गुरुजींना लिंका भरायला बसवलं. मग पट घसरला. मग म्हणायचं, पट नाही, पद बंद. आधी झाडाला पाणी तोडायचं आणि वाळलं की म्हणायचं, वाळलेलंच होतं.

‘पैसा कुठून आणायचा?’ हा प्रश्न खोटा नाही. शिक्षणावरचा मोठा खर्च पगारावर जातो हेही खरं. पण मी वर जे मागितलं त्यात सगळ्यात मोठा खर्च केंद्रामागे दोन-तीन राखीव शिक्षकांचा आहे. बाकी गोष्टींना पैशापेक्षा ठरवण्याची गरज आहे. वर्षभरात गणवेशाचं धोरण करून मोडायला जी ताकद लागली ती इकडे लागली असती तरी पुष्कळ झालं असतं.

मग करायचं काय?

मंत्रालय लांब आहे. आपल्या हातातलं सांगतो. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती आहे, त्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असायला पाहिजेत. शाळा विकास आराखडा करायचा अधिकार या समितीचा आहे. बहुतेक ठिकाणी समितीची बैठक सहीपुरती होते, कारण पालक जात नाहीत. पुढच्या बैठकीला जा आणि एवढे प्रश्न लेखी विचारा, उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या:

१. मागच्या वर्षी आपल्या शाळेत किती दिवस मंजूर संख्येपेक्षा कमी शिक्षक हजर होते, आणि कशामुळे?
२. रजेच्या, प्रशिक्षणाच्या काळात बदली शिक्षक मागितला होता का? मागितला असेल तर उत्तर काय आलं?
३. किती मुलांची नावं आधारमुळे पटातून सुटली आहेत?
४. मुलींचा उपस्थिती भत्ता शेवटचा कधी जमा झाला?
५. शिष्यवृत्ती, नवोदय, एनएमएमएसला किती मुलं बसली? सराव कोणी घेतला, पुस्तकं कोणी आणली?

ही पाच उत्तरं जिल्ह्यातल्या शंभर शाळांतून जरी आली तरी ती घेऊन जिल्हा परिषदेत जाता येईल. तिथे मग ‘माहिती मागवली आहे’ असं सांगता येणार नाही, कारण माहिती आपल्याच हातात असेल.

पालक असाल तर तुमच्या शाळेतली उत्तरं कमेंटमध्ये टाका. शाळेचं नाव टाकलं नाही तरी चालेल, तालुका टाका. शिक्षकांनी नाव न टाकता इनबॉक्स केला तरी हरकत नाही, तुमची अडचण समजते. महिनाभरात जे जमेल ते तालुकावार मांडून इथेच पोस्ट करतो आणि त्याची प्रत जिल्हा परिषदेत देऊन पोच घेतो. कोणाला बरोबर यायचं असेल तर तेही सांगा.